सरळ केसांचा हट्ट

मुली लहान असताना आमच्या घरी दर रविवारी सकाळी, विहारात जाण्यापूर्वी, एक कार्यक्रम ठरलेला असे. मी पाटावर बसायची, धाकटी माझ्यापुढे मांडी घालून बसायची आणि मी तिच्या डोक्याला खोबरेल तेल चोळून दोन घट्ट वेण्या घालायची. थोरलीचे केस तिच्या वडिलांवर गेलेले, मऊ आणि सरळ. धाकटीचे मात्र माझ्यासारखे, दाट, कुरळे आणि राठ. फणी अडकायची, ती रडायची आणि मी वैतागून म्हणायची, "काय गं बाई हे केस! नुसती नारळाची शेंडी!"

हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेल याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. तिने मात्र ठेवला होता. तो हिशेब तिने वीस वर्षांनी, स्वतःच्या लग्नाच्या तोंडावर, माझ्यापुढे मांडला. ती गोष्ट आज माझ्या भगिनींना सांगावीशी वाटते. त्यात केसांविषयीची उपयोगाची माहिती आहे, तशीच माझी चूकही आहे.

आम्ही उत्तर नागपूरचे. मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे सहायक म्हणून काम केले. धाकटी पदवीधर झाली आणि तिला एका खाजगी कचेरीत, येणाऱ्या ग्राहकांशी बोलण्याच्या जागेवर नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितले, "केस जरा नीट करून येत जा, विस्कटलेले दिसतात." खरे तर ती रोज केस विंचरून, बांधूनच जात असे. विस्कटलेले म्हणजे कुरळे, एवढाच त्याचा अर्थ होता.

पहिल्या पगारातून तिने आजीला लुगडे घेतले, विहाराला दान दिले आणि स्वतःसाठी केसांना फिरवायची विजेची इस्त्री आणली. पुढे दोन वर्षे आमच्या घरातली सकाळ त्या इस्त्रीने उजाडत असे. आठची बस गाठायची म्हणून ती न्हाणीघरातून निघायची ती टॉवेलने केस जेमतेम पुसून तशीच आरशापुढे उभी राहायची. इस्त्रीवरचा आकडा सर्वांत वर, २३० अंशांवर. आधी केसांवर स्प्रे मारायचा आणि त्यावर लगेच इस्त्री. चर्रर्र आवाज व्हायचा आणि वाफ निघायची. आजी, म्हणजे माझी आई, भिंतीला टेकून चहा पिता पिता म्हणायची, "काहून गं पोरी, केसं भाजून खाते का?" आम्ही सगळे हसायचो.

मी हसायला नको होते. वाफ कशाची निघते एवढे तरी मला कळायला हवे होते.

मागच्या वर्षी तिचे लग्न ठरले. मुलगा चांगला, शिकलेला, घरात वंदना-त्रिशरणाचा परिपाठ, हुंड्याचा शब्द नाही. कुंकवाचा म्हणजे आपल्याकडचा पाहुणचाराचा कार्यक्रम झाला आणि जाता जाता मुलाकडच्या एका नातेवाईक बाई हसत म्हणाल्या, "मुलगी छानच आहे. तेवढे केस सरळ करून घ्या, म्हणजे फोटो चांगले येतील." त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण हे बोलणारी बाई आपल्यातलीच होती, हे मी विसरत नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपल्यावर, मला न सांगता, धाकटी एका पार्लरमध्ये गेली आणि साडेचार हजार रुपये देऊन केसांचे स्मूदनिंग करून आली. संध्याकाळी दारात उभी राहिली तेव्हा केस रिबिनीसारखे सपाट, चकचकीत. डोळे मात्र लाल झालेले आणि सारखा खोकला. "तीन दिवस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत," तिने सांगितले. सकाळी मी तिच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला आणि हातातच थबकले. तो वास माझ्या ओळखीचा होता. प्रयोगशाळेच्या कपाटात बेडूक, साप, मासे ज्या बरण्यांत बुडवून ठेवलेले असतात, त्या बरण्यांचा. फॉर्मेलिनचा.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना मी त्या पार्लरमध्ये गेले. भांडायला नव्हे, बाटली बघायला. आत एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी होती, शेजारच्याच वस्तीतली. तिने बाटली दाखवली. पुढे मोठ्या अक्षरांत लिहिले होते की यात फॉर्मल्डिहाइड नाही. मागच्या बारीक अक्षरांत मात्र मिथिलीन ग्लायकॉल होते. ज्यांनी प्रयोगशाळेत काम केले आहे त्यांना हे ठाऊक असते की फॉर्मल्डिहाइड वायू पाण्यात विरघळला की त्याचेच मिथिलीन ग्लायकॉल होते. गरम इस्त्री फिरली की तोच वायू पुन्हा मोकळा होतो आणि नाका-डोळ्यांत जातो. नाव बदलले म्हणून वस्तू बदलत नाही. ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको.

मी त्या मुलीला विचारले, "तुला त्रास होत नाही का?" ती म्हणाली, "होतो ना काकू, रोज डोळे जळतात. मॅडम म्हणतात, सवय होईल." खोलीला खिडकी नव्हती. एसी लावायचा म्हणून दारही बंद. माझ्या मुलीने तो वायू एक दिवस घेतला, ही मुलगी तो रोज घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. २०११ साली अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने केस सरळ करण्याच्या अशाच औषधांबद्दल पार्लरवाल्यांना धोक्याची सूचना दिली होती. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली आज पार्लरचा कोर्स करून पोटाला लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांना हे कोणी सांगत नाही.

तीन आठवड्यांनी धाकटीचे केस तुटू लागले. गळू लागले नव्हे, तुटू लागले. हा फरक भगिनींनी नीट समजून घ्यावा. केस मुळापासून गळतो तेव्हा त्याच्या एका टोकाला पांढरा बारीक दाणा दिसतो. रोज पन्नास ते शंभर केस असे गळणे स्वाभाविक आहे. धाकटीच्या फणीत आले ते बोटभर लांबीचे तुकडे होते आणि त्यांना दाणा नव्हता. मानेवरचे आणि कपाळावरचे केस तर हात लावला तरी हातात येऊ लागले. लग्नाला पाच आठवडे राहिले होते.

मी तेव्हाही आईसारखी नव्हे, मास्तरणीसारखी बोलले. "कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? होते ते केस काय वाईट होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "नारळाची शेंडी कोण म्हणत होतं, आई? ऑफिसवाल्या बाई नंतर आल्या. सासरच्या त्याहून नंतर. पहिल्यांदा मला कोणी सांगितलं की माझे केस वाईट आहेत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजी खाटेवर बसून ऐकत होती. तीही काही बोलली नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मला माझी आई आठवली, तरुणपणची. तिचेही केस असेच. ती शेतावर मजुरीला जायची. गावच्या विहिरीवर आम्हांला मज्जाव होता, म्हणून मैलभरावरच्या नाल्याचे पाणी आणायचे. त्या पाण्यात आधी स्वयंपाक, मग जनावर, मग पोरे. डोक्यावरून न्हायला पाणी उरायचे ते पंधरा दिवसांतून एकदा. साबण म्हणजे कपड्यांचाच. तो नसला तर काळी माती किंवा धुण्याचा सोडा. उवा झाल्या की रॉकेल चोळायचे. केस राठ होणार नाहीत तर काय होणार? आणि वर गावातल्या बायका म्हणणार, "यांच्या झिपऱ्या बघा." पाणी द्यायचे नाही आणि घाणेरडे म्हणायचे, असा तो न्याय होता. बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या ओंजळीत आमच्या आयांच्या न्हाण्याचे पाणीही होते, असे मला वाटते.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की साताऱ्याला न्हावी पुष्कळ होते, पण अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता. म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीनेच भावांचे केस कापावेत. भीमाच्या डोक्यावर कात्री चालवणाऱ्या त्या बहिणीने त्याच्या केसांना नावे ठेवली असतील, असे मला वाटत नाही. बाहेरच्यांनी ज्या डोक्याला शिवायचे नाकारले, त्या डोक्याला तिने मायेने हात लावला. मी मात्र, शिकलेली, नोकरी करणारी, नळाचे पाणी घरात असलेली, माझ्या लेकीच्या डोक्याला हात लावताना गावातल्या बायकांचीच भाषा बोलत होते. झिपऱ्याची फक्त नारळाची शेंडी केली होती.

सकाळी मी धाकटीला म्हटले, "चल माझ्याबरोबर कॉलेजात." आजीलाही विचारले, "आई, तुझा एक केस दे." ती हसली, "घे ना माय, उरलेच किती!" प्रयोगशाळेत मी तीन काचपट्ट्या तयार केल्या. एकीवर आजीचा पांढरा केस, एकीवर माझा आणि एकीवर धाकटीचा तुटलेला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने पाहिले. आजीचा केस ऐंशी वर्षांच्या बाईचा, पण कडा गुळगुळीत, काचेच्या कांडीसारखा. माझा थोडा वेडावाकडा, तरी अखंड. धाकटीच्या केसाचे टोक झिजलेल्या केरसुणीसारखे पिंजलेले आणि पोटात जागोजागी फुगे, पावातल्या भोकांसारखे.

ते फुगे म्हणजेच ती वाफ. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्यावर कौलारू घरासारखी एकावर एक कौले असतात, ती आतल्या गाभ्याचे रक्षण करतात. ओला केस आतून पाणी प्यालेला असतो. पाणी १०० अंशांना उकळते आणि इस्त्री असते २३० अंशांवर. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती केस फुगवून फोडते. शिवाय ओल्या केसातले केराटिन कोरड्या केसापेक्षा कमी तापमानाला बिघडते. दोन वर्षे रोज सकाळी हेच चालले होते. स्मूदनिंगच्या वेळी त्याच दुबळ्या केसांवर औषध लावून कडक तापलेली इस्त्री पुन्हा पुन्हा फिरवली गेली आणि शेवटची काडी मोडली.

त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी टाळू तपासली. दोन ठिकाणी भाजल्याच्या खुणा होत्या, पण मुळे शाबूत होती. ते म्हणाले, "त्वचेखालचे मूळ जिवंत असते, बाहेरचा केस जिवंत नसतो. म्हणून त्याची जखम भरून येत नाही. दुभंगलेले टोक जोडण्याचा दावा कोणतीही बाटली करो, ते जुळत नाही, कापावे लागते. मुळातून नवा केस येईल तो चांगला येईल. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. वाट पाहा." एवढ्या महागड्या बाटल्यांच्या गर्दीत "वाट पाहा" हे औषध कोणी विकत नाही.

त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचले आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय भगिनींपर्यंत पोहोचले. त्यांचे आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या चळवळीची विचारपूस केली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या लोकांनीही पिढ्यान्पिढ्या केस सरळ करण्यासाठी डोक्याला दाहक क्षार लावले, टाळू भाजून घेतली. माल्कम एक्स यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की तरुणपणी त्यांनी असेच केस सरळ केले, डोक्याची आग आग झाली आणि तरी आरशात पाहून ते खूश झाले. पुढे त्यांना तोच प्रसंग स्वतःच्या हाताने केलेली स्वतःची मानहानी वाटला. साठच्या दशकात तिकडच्या तरुण-तरुणींनी केस जसे उगवतात तसे वाढवले आणि काळे ते सुंदर अशी घोषणा दिली. तरीही केसांवरून नोकरीत आणि शाळेत अडवणूक चालूच राहिली. अखेर २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला की नैसर्गिक केसांवरून कोणाशी भेदभाव करता येणार नाही.

त्याच देशात २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३ हजारांहून अधिक स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे नोंद ठेवली होती. केस सरळ करण्याची रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ आणि वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत शेकडा ४.०५ असे अंदाजले गेले. यावरून रसायनानेच कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही आणि मी कोणाला घाबरवत नाही. पण सावध व्हायला एवढे पुरे आहे. फॉर्मल्डिहाइडऐवजी हल्ली काही औषधांत ग्लायॉक्झिलिक आम्ल असते. ते वापरल्यावर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचे २०२४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी नोंदवले आहे. म्हणजे "बिनफॉर्मल्डिहाइड" या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

हे सगळे मी धाकटीला सांगितले तेव्हा तिने मला एक प्रश्न विचारला. "आई, बाबासाहेबांनीच सांगितलं ना, नीटनेटकं राहा म्हणून? मग मी केस सरळ केले तर काय चुकलं?"

प्रश्न योग्य होता. डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतीचे दहन झाले त्या महाडच्या परिषदेच्या दिवसांत, बाबासाहेबांनी स्त्रियांना खरोखरच तसे सांगितले होते. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, गळ्यात-हातात कथलाचे आणि चांदीचे ढीगभर दागिने घालू नका, ज्या खुणांवरून तुम्हांला अस्पृश्य म्हणून ओळखतात त्या टाकून द्या, असा त्यांचा आशय होता. बायकांनी ते लगेच अमलात आणले. बाबासाहेब स्वतः किती टापटिपीने राहत ते आपण फोटोत पाहतोच. तेव्हा नटणे-मुरडणे म्हणजे पाप, असे मी तिला सांगूच शकत नव्हते.

मी विचार करून दोन दिवसांनी उत्तर दिले. "बाबासाहेबांनी टाकायला सांगितलं ते दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेलं होतं. गळ्यातलं कथील आपल्याबरोबर जन्माला आलं नव्हतं. केस आले आहेत. कथील काढलं तेव्हा मान वर झाली. केस जाळले तेव्हा तुझी मान वर झाली का?" ती म्हणाली, "नाही. सकाळी उठून परत आरशात बघायची भीतीच वाटायची." मग मीच पुढे म्हटले, "तुला हौस म्हणून एखाद्या दिवशी केस सरळ करावेसे वाटले, तर कर. लाज वाटते म्हणून करू नकोस. आणि ती लाज मी दिली होती, ती मी परत घेते." हे म्हणताना मला रडू आले. तिला आले नाही. तिने फक्त माझा हात धरला.

त्यानंतर आम्ही घरात काही नियम ठरवले. नंतर विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीतही मी ते सांगितले. तथागतांनी दोन टोके टाळून मधला मार्ग सांगितला. तोच येथेही कामाचा आहे.

इस्त्री फिरवायचीच तर केस पूर्ण कोरडे असावेत. आकडा १८० अंशांच्या वर नेऊ नये, पातळ केसांना १५० पुरे. एका बटेवरून एकदाच, न थांबता फिरवावी. रोज नाही, समारंभापुरती. उष्णतेपासून बचावाचे सीरम आधी लावले तर मार थोडा कमी होतो, पण टळत नाही. ड्रायर वीतभर अंतरावर धरून सतत हलता ठेवावा, हवा कोमट असावी. त्याआधी टॉवेलने केस खसाखसा न चोळता दाबून टिपावेत. जेल किंवा स्प्रे लावला असेल तर त्यावर इस्त्री फिरवू नये. कडक झालेल्या केसांत कोरडी फणी घालून ओढू नये, रात्री झोपण्यापूर्वी धुऊन टाकावे. रंग आणि स्मूदनिंग एकापाठोपाठ करू नये. डोक्यावर फोड, जखम किंवा खाज असताना कोणतेच रसायन नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी स्मूदनिंगच्या वाटेला जाऊच नये. पार्लरमध्ये डोळे चुरचुरले, घशात खवखवले, तर पैसे गेले तरी चालतील, उठून बाहेर यावे.

कुरळे केस रुक्ष दिसतात याला कारण आहे. टाळूचे तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जाते, वळणावळणाच्या केसावरून ते पोहोचत नाही. हा केसाचा दोष नाही. म्हणून न्हाण्याआधी काही तास खोबरेल तेल लावावे. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते. न्हाल्यावर कंडिशनर लावून, केस ओले असतानाच, मोठ्या दातांच्या फणीने आधी टोकाचा गुंता सोडवावा आणि मग वर वर यावे. मी वीस वर्षे मुळापासून खाली ओढत होते आणि मुलगी रडते म्हणून तिलाच रागवत होते. वेण्याही फार घट्ट घालू नयेत. कपाळावरचे केस ओढले जाऊन तिथे कायमचे विरळ होतात.

बाजारातल्या काळ्या मेंदीबद्दलही सांगते. खरी मेंदी केसांना तांबूस रंग देते, काळा देत नाही. काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. काहींचा चेहरा त्याने सुजतो. कानामागे थोडी लावून ४८ तास वाट पाहावी आणि मगच वापरावी. आणि उवांसाठी रॉकेल कधीही लावू नये. त्याने कातडी भाजते, आग लागण्याची भीती असते. औषधांच्या दुकानात उवांचे परमेथ्रिनचे औषध मिळते, ते आणि बारीक दातांची फणी पुरे. जुने ते सगळे सोने नसते.

पार्लरमधल्या त्या मुलीला मी विसरले नाही. महिला मंडळाच्या दोघी-तिघी मिळून मालकीणबाईंना भेटलो, समजुतीने बोललो. त्यांनी भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि ती बाटली मागवणे बंद केले, असे त्या मुलीनेच सांगितले. एवढे झाले तरी पुष्कळ.

लग्नाच्या दहा दिवस आधी धाकटीने स्वतःच निर्णय घेतला आणि केस मानेपर्यंत कापून टाकले. तुटका, पिंजलेला भाग बराच गेला. उरलेले केस दोन धुण्यांनंतर थोडे थोडे वळू लागले. मंगल परिणय विहारातच झाला. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ती उभी राहिली तेव्हा डोक्यावर ना लांब वेणी होती, ना रिबिनीसारखे सपाट केस. काही बायका कुजबुजल्याही. जावईबापूंनी मात्र नंतर एवढेच म्हटले की मला ती पहिल्या दिवशी भेटली तेव्हा केस कसे होते ते माझ्या लक्षातच नाही, ती काय बोलली तेवढे लक्षात आहे.

थेरीगाथेत आम्रपालीची गाथा आहे. वैशालीची ती रूपवती म्हातारपणी आपल्या शरीराकडे पाहते आणि पहिला विचार करते तो केसांचाच. केस जाणार, पिकणार, हे सत्य आहे. पण निसर्गाने पिकू देणे वेगळे आणि दुसऱ्याच्या नजरेसाठी जाळून टाकणे वेगळे.

परवा थोरलीची मुलगी सुट्टीला आली होती. सहा वर्षांची आहे. केस थेट आमच्यावर गेलेले, दाट, कुरळे. रविवारी सकाळी पाटापुढे येऊन बसली. फणी अडकली, ती "आई गं" म्हणाली आणि जुने वाक्य सवयीने माझ्या ओठांवर आले. मी ते गिळले. फणी खाली ठेवली, टोकापासून बोटांनी गुंता सोडवायला लागले.

"आजी, माझे केस कोणासारखे आहेत गं?" तिने विचारले.

खाटेवरून माझ्या आईनेच उत्तर दिले, "माह्यासारखे, माय. पक्के."